सातवी काच

कोणी याला गप्पा म्हणेल. म्हणू द्या. १९२६ सालच्या मार्गशीर्षात, पिंपळगाव राजात, आमच्याच घरात हे घडलं आणि मी तिथे उभा होतो.

शेषरावदादा माझा थोरला भाऊ. त्याला कॅमेऱ्याचं भारी वेड. मुंबईहून रेल्वे पार्सलने मागवलेली सात पितळी भिंगं त्याच्याकडे होती, रोज मलमलीने पुसायचा. देवळांचे फोटो काढले, बैलांचे काढले. बायकोचा मात्र राहूनच गेला.

मनकर्णावहिनी तीन दिवसांच्या तापात गेली. वैद्यांनी नाडी पाहिली आणि बाहेर येऊन नुसती मान हलवली.

दादा म्हणाला, "नेयाच्या आधी एक फोटू काढतो."

तिला हिरवं लुगडं नेसवलं, चुडा भरला, ओसरीत खुर्चीवर बसवलं. मागून मायने खांदे धरले. मी डावीकडे पांढरं धोतर ताणून उभा, तिच्या तोंडावर उजेड पडावा म्हणून.

"कोनी हालू नका." दादाने भिंगाचं झाकण काढलं. "एक... दोन... तीन..."

सगळं चिडीचूप.

तेवढ्यात... बांगड्या किणकिणल्या.

अगदी हळू. मला वाटलं, मायचा हात हलला.

"चार." झाकण बसलं.

तासाभरात तिला नेलं. दादाने अग्नी दिला.

दुसऱ्या दिवशी त्याने फोटोची काच धुतली, लाल कंदिलापाशी धरली आणि तसाच बसून राहिला.

खांब साफ. माय साफ.

वहिनीचा चेहरा... पुसल्यासारखा. मान हलवल्यावर येतो तसा.

"निवृत्ती, हालली व्हती का बे थे?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मायच्या हातात बांगडी कुठली? बाप जाऊन नऊ वर्षं झाली होती.

पण सांगून काय करणार होतो? आता राख सावडायची तेवढी राहिली होती.

"नाही दादा."

"मंग भिंगच खराब असन." केवढं हायसं वाटलं त्याला!

कोणतं भिंग चांगलं ते पाहायला त्याने त्याच दुपारी, सातही भिंगांनी, रिकाम्या खुर्चीचे सात फोटो काढले. मला पुन्हा धोतर धरायला लावलं.

"सुतकात काय मांडलं बाप्पा हे!" माय ओरडली. तो ऐकेना.

काचा धुतल्या.

पहिलीत... खुर्ची रिकामी नव्हती.

तोच पुसट चेहरा. दुसरीत तोच. तिसरीत जरा साफ. दादा रडत होता, पण हात थांबत नव्हते. मी त्याच्या पाया पडलो, बस कर म्हणालो.

सातवीत वहिनी स्पष्ट उमटली. डोळे... उघडे.

ती कॅमेऱ्याकडे पाहत नव्हती. धोतर धरून मी उभा होतो, तिकडे पाहत होती.

"कोनाकडे पाह्यते बे थे?" दादाने विचारलं.

मी काही बोललो नाही. चोवीस वर्षं झाली, अजून बोललेलो नाही.

दादाची नजर आता गेली आहे. हे त्याला कोणी वाचून दाखवू नये, एवढीच विनंती.