काळं यंत्र की पिवळं?

मेथीच्या वाफ्यात एक अनोळखी तरुण उभा होता. हातात पिवळं यंत्र, नजर त्याच्यावर खिळलेली आणि एक बूट थेट मेथीवर.

"भाईसाहब, ये सब्ज़ी है, मैदान नहीं," सुचेता व्हरांड्यातून म्हणाली.

"सॉरी जी... इसके हिसाब से डिब्बा यहीं होना चाहिए."

"डबा? अगं बाई, वेडाच दिसतोय," ती पुटपुटली.

"वेडा नाही, ट्रेनी इंजिनियर," तो चक्क मराठीत म्हणाला. "फार फरक नसतो म्हणा."

सुचेतानं हसू दाबायला ओढणी तोंडाशी नेली... पण डोळे हसलेच.

मोबाइलवर नकाशे यायच्या आधीचे ते दिवस. हिंदी मुलखातली कारखान्याची वसाहत, बरखेडा; तिथली सगळी क्वार्टर्स एका साच्यातून काढल्यासारखी. हा हेमंत नागपूरचा. कारखान्यात शिकाऊ म्हणून आलेला, ट्रेनी हॉस्टेलमध्ये राहणारा. तिथल्या पोरांनी नवा खेळ काढला होता. एकानं डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांशाचे आकडे सांगायचे, आणि दुसऱ्यानं जीपीएस हातात धरून तो शोधायचा. डबा होता मागच्या मैदानात. दाट कडुनिंबाखाली यंत्र गोंधळलं आणि त्यानं हेमंतला सुचेताच्या अंगणात आणून सोडलं.

गोष्ट तिथंच संपायची. पण वसाहतीच्या क्लबनं या खेळासाठी जीपीएस घ्यायचं ठरवलं, आणि दुकानदारानं पंधरा दिवसांसाठी दोन नमुने दिले: एक हेमंतच्या हातात होतं तसंच पिवळं आणि एक काळं. क्लबचे सेक्रेटरी काशिनाथकाका दोन्ही घेऊन कारखान्याच्या ऑफिसात सुचेताच्या टेबलाशी आले.

"बेटा, तू खरेदी विभागातली. तुझ्या तक्त्यावर बोट ठेवायची कुणाची हिंमत नाही. या हेमंतबरोबर फिर आणि सांग, कोणतं घ्यायचं."

मग रोज संध्याकाळी दोघं निघू लागले. त्याच्या दोन्ही हातांत यंत्रं, तिच्या हातात वही.

"तुमचं हे पिवळं उन्हात आंधळं होतं," ती म्हणाली. "पडद्यावर काही दिसत नाही."

"माझंही होतं तसं."

"उन्हात?"

"नाही... बाजूला बघितलं की."

बाजूला तीच होती. "हा रकाना तक्त्यात नाही," ती वहीत मान घालून म्हणाली, आणि कडुनिंबाखालचा आकडा दोनदा लिहून बसली.

चौथ्या दिवशी मावठ्याची भुरभुर आली. पिवळ्याचा पडदा बोटानं चालायचा. ओल्या बोटाला तो दाद देईना. त्यातून त्याची बॅटरीही बसली. ती चार्ज करायला हॉस्टेल गाठावं लागणार. काळं मात्र बटणांवर निमूट चालत राहिलं, आणि त्याचे सेल संपले तेव्हा कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडे नवे मिळाले. झाडाखालीसुद्धा ते पाच पावलांपलीकडे चुकलं नाही. निकाल लागला होता.

सुचेतानं पेन उघडलं. भिजलेल्या केसांतलं पाणी पुसत हेमंत शेजारी उभा होता... आणि तिनं लिहिलं, 'पुन्हा चाचणी आवश्यक.'

नोकरीतला तिचा पहिला खोटा शेरा. तिचे कान तापले. हेमंतनं तो वाचला आणि खाली मुकाट्यानं सही केली. असे शेरे पुढे रोज पडत गेले.

तेराव्या दिवशी हेमंतची बदलीची ऑर्डर आली. सोमवारी निघायचं, आसामकडच्या साइटवर दोन वर्षं. काशिनाथकाकाही घाईला आले. "आज एक नाव दे बाई, बस झाल्या परीक्षा!"

त्या संध्याकाळी दोघं मैदानाच्या कठड्यावर बसले. आज नाव सांगितलं की फिरणं संपलं, आणि या माणसानं तर अजून काहीच विचारलं नव्हतं.

"काळं," ती म्हणाली.

"काळंच," तोही म्हणाला.

"तुम्हाला कधी कळलं?"

"चौथ्या दिवशी. पावसात."

"मग माझ्या खोट्या शेऱ्याखाली सही का केलीत?"

"तुम्ही खोटं लिहिलंत म्हणून." तो हसला. "सगळं ऑफिस सांगतं, ही मुलगी नमस्कारसुद्धा तपासून घेते. तिनं माझ्यासाठी... म्हटलं, मी तोंड उघडलं तर ती पुन्हा खरं लिहायला लागायची."

सुचेताच्या डोळ्यांत पाणी तरळलं. "उघडा की आता."

"तिकडे पत्र्याचं क्वार्टर आहे, सुचेता. पाऊस इथल्या चौपट. 'थांबशील?' म्हणू की 'येशील?' म्हणू, हेच ठरत नाही माझं."

"येईन," ती म्हणाली. इतक्या चटकन, की तिचं तिलाच नवल वाटलं. "उद्या रविवार आहे, बाबा घरी असतात. सकाळी ये. आणि मेथीतून नको... फाटकातून ये."

कठड्यावरचा तिचा हात त्यानं अलगद हातात घेतला, आणि दिवे लागेपर्यंत सोडला नाही.

सकाळपर्यंत गप्प बसणं काही तिला जमणारं नव्हतं. घराची पायरी चढायच्या आधीच तिनं हाक मारली,

"बाबा, बाहेर या ना... तुमच्याशी बोलायचंय!"