चोविसाव्या डायनासोरची शेपटी

जयसिंगरावांनी खिशातून रुमाल काढला, त्याची गाठ सोडली आणि आतला हिरवा प्लास्टिकचा डायनासोर इरावती पोतनीसांच्या टेबलावर ठेवला. लांब मानेचा, वीतभर लांबीचा.

"हा नकली आहे. अस्सल कोणी नेला ते शोधून द्या," ते म्हणाले. सातबारा वाचावा तसा त्यांचा आवाज होता, ना वर ना खाली.

उमाशंकर मास्तर खुर्चीत पुढे सरकले. चित्रकला शिकवून निवृत्त झाल्यापासून ते इरावतीबाईंच्या स्कूटरवर मागे बसून देवासभर तपासाला जात. डोकं त्यांचंही चालायचं, पण बैलगाडीच्या चालीनं, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत. खेळण्यासाठी गुप्तहेर गाठणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. हसू आलं होतं, पण जयसिंगरावांचा चेहरा बघून त्यांनी ते गिळलं.

हकीकत अशी होती. पन्नास वर्षांपूर्वी एका चहाच्या पुड्यात प्लास्टिकचा एकेक डायनासोर निघायचा. एकूण चोवीस, प्रत्येकाच्या पोटावर नंबर. जयसिंगरावांचे थोरले बंधू इंदूरला होस्टेलवर होते. मेसच्या आचाऱ्याला मस्का लावून ते पुडे फोडायचे आणि सुट्टीला येताना धाकट्यासाठी डायनासोर आणायचे. चोविसावा फार दुर्मीळ. तो मिळायला दोन वर्षं लागली. पुढे हे बंधू अकाली गेले. त्यांचा चार वर्षांचा मुलगा राजवीर याला जयसिंगराव आणि इंदिराबाईंनी पोटच्या पोरासारखं वाढवलं, कारण त्यांना स्वतःचं मूल नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी इंदिराबाई गेल्या. मागे राहिले जयसिंगराव, कपाटातले डायनासोर आणि सुट्टीला घरी येणारा राजवीर.

गेल्या आठवड्यात धारचे प्रतापराव घरी आले होते. त्यांनाही हाच नाद. त्यांनी चोविसावा हातात घेतला आणि लगेच सांगितलं की ही नक्कल आहे. साच्यातून नक्कल काढली की थंड होताना ती आकसते, म्हणून हा अस्सलपेक्षा अर्ध्या बोटानं आखूड होता. शिवाय प्लास्टिक कडक होतं. राजवीर पीथमपूरला कारखान्यात प्लास्टिकचे साचेच करतो. जयसिंगरावांनी त्याला विचारलं. त्यानं मान खाली घालून कबूल केलं की बनवला मीच. अस्सल कुठे आहे म्हटल्यावर मात्र त्याच्या तोंडाला कुलूप लागलं.

"त्याला सांगितलंय, माझा उंबरा चढू नकोस. सोमवारी तुमचा अहवाल घेऊन मी पोलिसांत जाणार."

"पोराला आत टाकलं तर तुम्हाला कसं वाटेल?" मास्तरांना राहवलं नाही.

"काही नाही," जयसिंगराव म्हणाले. "दोन वर्षं झाली, मला काहीच वाटत नाही. ती गेली तेव्हा रडूसुद्धा आलं नाही. भाजीत मीठ नसलं तरी कळत नाही मला."

मास्तरांना या माणसाची दया आली आणि थोडी भीतीही वाटली. एवढं थंडपणे स्वतःचं उरलंसुरलं घर मोडायला निघालेला माणूस थांबवायचा तरी कसा?

इरावतीबाईंनी भिंग काढलं. डायनासोरच्या अंगावरचे खवले बारीक आणि ठसठशीत होते. शेपटीवर एकही नव्हता, ती वांग्यासारखी गुळगुळीत होती.

"कंटाळा केला पोरानं," मास्तर म्हणाले. "माझी मुलंसुद्धा शेवटी शेवटी असंच घाईत गुंडाळायची."

 इरावतीबाई डायनासोरच्या कपाळावरचा फिकट पिवळा ठिपका पाहत होत्या.

"जुनं प्लास्टिक पिवळं पडतंच," जयसिंगराव म्हणाले.

"हो, पडतं," इरावतीबाई म्हणाल्या, आणि डायनासोर परत रुमालात बांधला.

दुपारी ते जयसिंगरावांच्या घरी गेले. काचेच्या कपाटात उरलेले तेवीस ओळीनं उभे होते. चैत्राचं ऊन बाहेर भाजून काढत होतं, पण आतल्या खोलीत त्याची तिरीपही येत नव्हती. तेवीसही जणांच्या कपाळावर पिवळा डाग होता, नकलीपेक्षा चांगलाच गडद. बाकी अंगाला पिवळेपणाचं नाव नव्हतं.

कपाटावर एक पत्र्याची पेटी होती आणि तिच्यावर बोटभर धूळ. जयसिंगराव म्हणाले की ते चैत्रगौरीचं सामान. इंदिराबाई दर वर्षी गौर बसवायच्या, पायऱ्यांची आरास करायच्या आणि नवऱ्याच्या परवानगीनं डायनासोरही मांडायच्या. हळदीकुंकवाला बायकांचा मेळा भरायचा, म्हणून ते त्या दिवशी सोनकच्छला मित्राकडे जाऊन बसायचे. परत येईपर्यंत सगळं झाडूनपुसून कपाटात गेलेलं असायचं. ती गेल्यापासून पेटीला हात लावावासा वाटला नव्हता.

शेजारच्या मेधाताई शाळेत शिकवतात. त्या प्रत्येक वर्षी हळदीकुंकवाला हजर. राजवीरचं नाव काढताच त्यांचे डोळे भरले. हा मुलगा काकीच्या आजारपणात महिनाभर दवाखान्यात जमिनीवर झोपला होता, हे त्यांनी दोनदा सांगितलं. मग इरावतीबाईंनी त्यांना आराशीबद्दल बोलतं केलं. आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेले हरभरे, सगळं निघालं. इंदिराबाई आराशीतल्या प्रत्येक खेळण्याला ओलं हळदीकुंकू लावत. मेधाताई तबक धरत आणि चेष्टा करत की या राक्षसांना कशाला. तर त्या म्हणत, गौरीच्या घरी आलेत, सवाष्णीच समजा. शेवटच्या वर्षीही चोवीसच्या चोवीसांना लावलं होतं, मेधाताईंनी स्वतः मोजले होते.

"दिवे कुठे ठेवायच्या?" इरावतीबाईंनी विचारलं.

आधी पायरीपायरीवर निरांजनं असायची, मेधाताई म्हणाल्या. सहा-सात वर्षांपूर्वी इंदिराबाईंनी ती एकदम बंद केली. त्यानंतर पायऱ्यांवर लाईटची माळ आणि निरांजन खाली जमिनीवर, एकच. कारण विचारलं तर विषय बदलायच्या.

दुसऱ्या दिवशी दोघं धारला गेले. प्रतापराव किराण्याचे ठोक व्यापारी, आणि त्यांच्या दिवाणखान्यात सोफ्यापेक्षा डायनासोर जास्त होते. आपल्यावरही संशय आहे हे कळल्यावर ते फुगले. जयसिंगरावांच्या घरी आपण पहिल्यांदा पाय ठेवला तो मागच्या दिवाळीत, असं त्यांनी ठणकावून सांगितलं.

"देखो ताई, हा नाद असलेले लोक देशात आहेत किती? सगळे एकमेकांना ओळखतात. अस्सल चोविसावा विकायला निघाला असता तर पहिला फोन मला आला असता. दहा सालात नाही आला. आणि मोडका, तुटका असला तर त्याला कोणी पूछत नाही."

परतताना पीथमपूरच्या नाक्यावर राजवीर भेटला. शिफ्टच्या बसची वाट बघत उभा होता. तिशीतला दणकट गडी, पण डोळे जागरणाचे. त्यानं इरावतीबाईंना वाकून नमस्कार केला आणि जे काकांना सांगितलं तेच सांगितलं.

"बनवला मी. विकला नाही. याच्या आगे मत पूछो, ताई."

"काका उद्या पोलिसांत जाणार आहेत."

"जाऊ द्या. त्यांचा हक्क आहे."

"एकच सांग. शेपटीवर खवले का नाही काढलेस?"

राजवीरनं नजर वळवली. "जमले नाहीत," तो पुटपुटला आणि समोर आलेल्या बसमध्ये चढला.

"झालं की," मास्तर खिन्नपणे म्हणाले. "कबुली आहे, हुनर आहे, संधी आहे. पोरगा बुडाला."

"मास्तर, तुम्ही एखाद्या चित्राची नक्कल केलीत आणि कोपराच कोरा राहिला, तर का राहील?"

"मूळ चित्राचाच कोपरा फाटला असेल तर," मास्तर म्हणाले, आणि पुढचे दहा किलोमीटर गप्प बसले. आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात यायला तेवढा वेळ लागला.

सोमवारी सगळे जयसिंगरावांच्या आतल्या खोलीत जमले. राजवीरलाही बोलावलं होतं. तो आला, पण उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. जयसिंगरावांनी त्याच्याकडे पाहिलं नाही.

"नक्कल राजवीरनंच केली, यात वाद नाही," इरावतीबाईंनी सुरुवात केली. "प्रश्न एवढाच की कधी, आणि कुणासाठी. या डायनासोरच्या कपाळावर पिवळा डाग आहे. प्लास्टिक जुनं झालं की सगळीकडून पिवळं पडतं, कपाळावर बोटाएवढं पडत नाही. ही हळद आहे. या घरात खेळण्यांना हळद लावणाऱ्या एकट्या इंदिराबाई होत्या, आणि त्या गेल्यावर गौर बसलीच नाही. म्हणजे ही नक्कल त्या असतानाच पायरीवर चढली होती."

"डाग काय, पोरानं मागाहून पण लावला असेल," प्रतापराव म्हणाले.

"फसवण्यासाठी लावणारा शेजारच्या डायनासोरांइतका गडद लावतो. हा फिकट आहे, कारण बाकीच्यांवर कित्येक वर्षांची हळद आहे आणि याच्यावर चार-पाच वर्षांची. त्या प्रत्येक वर्षी इंदिराबाईंनी हा हातात धरला. अर्ध्या बोटानं आखूड, हाताला कडक, शेपटी गुळगुळीत. प्रतापरावांना एका क्षणात कळलं, ते त्यांना कळलं नसेल? त्यांना माहीत होतं. तरी त्या गप्प राहिल्या."

जयसिंगरावांनी पहिल्यांदा मान वर केली.

"आता शेपटी. अंगाचे खवले इतके हुबेहूब उतरले, कारण साचा अस्सलवरूनच घेतला. शेपटी उतरली नाही, कारण तेव्हा अस्सलला शेपटीच नव्हती. ती हातानं मातीची करावी लागली. आणि ज्याला शेपटी नाही त्याला गिऱ्हाईक नाही, हे प्रतापरावांनीच सांगितलं. मग विकणार काय? शेपटी गेली कुठे, ते मेधाताईंनी सांगितलं. त्याच सुमाराला इंदिराबाईंनी पायऱ्यांवरची निरांजनं बंद केली."

 उमाशंकर मास्तरांनी नकलीच्या शेपटीवरून बोट फिरवलं.

"दिराची आठवण त्यांनी टाकून दिली नसणार. तुम्ही कधी उघडणार नाही अशा जागीच ठेवली असणार. जयसिंगराव, ती पेटी काढा."

पेटी मास्तरांनी उतरवली. जयसिंगरावांनी झाकण उघडलं. गौरीचा पितळी पाळणा, लाईटची माळ, आणि तळाशी हिरव्या खणात बांधलेलं काहीतरी. त्यांनी गाठ सोडली. लांब मानेचा डायनासोर होता. पोटावर चोवीस नंबर होता. शेपटीचा वितळून काळा गोळा झाला होता. कपाळावर पिवळा डाग होता, आणि त्यावर कुंकवाचं सुकलेलं बोट अजून तसंच होतं. दर वर्षी पायरीवरच्याला लावून झालं की इंदिराबाई पेटीतल्यालाही लावत असाव्यात.

"काकीनं माझा हात तिच्या डोक्यावर ठेवून घेतला होता," उंबऱ्याबाहेरून राजवीर म्हणाला. "म्हणाली, ह्यांना कळलं तर ह्यांचा दादा दुसऱ्यांदा जाईल. मग मी कसं सांगणार होतो, काका? ती तर आता सोडवायला पण नाही येणार शपथेतून."

जयसिंगराव तो वितळलेला गोळा अंगठ्यानं चाचपत बसले.  मग त्यांनी मेधाताईंकडे हळदीची वाटी मागितली. मेधाताईंनी धावत घरून आणली. जयसिंगरावांनी अनामिका पाण्यात बुडवली, हळदीत टेकवली आणि डायनासोरच्या कपाळाला लावली. हळद डोळ्यापर्यंत पसरली. तेवढ्यात त्यांना रडू फुटलं. दोन वर्षांचं होतं, आवरता आवरेना. मास्तर खिडकीकडे तोंड करून उभे राहिले, कारण त्यांनाही आवरत नव्हतं.

थोड्या वेळानं जयसिंगरावांनी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसले आणि दाराकडे पाहिलं.

"बाहेर काय उभा राहिलायस?" ते म्हणाले. "चपला काढ, आत ये. गौर बसवायची आहे, मला पायऱ्या मांडता येत नाहीत."