पाच शब्दांचं घर

चतुराबाई परीक्षेत पास झाल्या, तर त्रिवेणीचा फायदा काय, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. हैदराबादेत नारायणगुड्याच्या शाळेत बावीस वर्षं शिकवल्यावर येत्या जूनमध्ये मुख्याध्यापिकेची खुर्ची तिच्या वाट्याला येणार होती. सासूबाई नापास झाल्या, तर त्यांच्यापाशी कुणीतरी घरी थांबायला हवं. आणि मलकपेठेतल्या त्या घरात ‘कुणीतरी’ म्हणजे तिचा नवरा विकास नव्हे, हे लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून ठरलेलं होतं.

परीक्षा स्मरणशक्तीची. डॉक्टर सुजाता पाच शब्द सांगत, पाच मिनिटं इकडचं तिकडचं बोलत आणि मग तेच शब्द परत विचारत. तेलुगूत त्यांच्याकडे अशा चार याद्या होत्या. मराठी पेशंट क्वचितच यायचे, म्हणून मराठीत एकच... कमळ, कुलूप, ताक, पूल, पितळ. जानेवारीत चतुराबाईंना दोनच आठवले.

“एप्रिलमध्ये पुन्हा बघू,” डॉक्टर म्हणाल्या. “तेव्हाही असंच असलं, तर औषध सुरू करू. आणि मग त्यांना एकटं ठेवायचं नाही.”

दुसऱ्या कुणाला यात आजार दिसला असता. त्रिवेणी शिक्षिका होती, तिला यात पेपर फुटलेला दिसला.

“आत्याबाई, शब्द घोकायचे नाहीत, घरात ठेवायचे,” तिनं सासूला हाताला धरून फिरवलं. “देवघरात कमळ. दाराला कुलूप. ओट्यावर ताक. हा उंबरा म्हणजे पूल. आणि घंगाळ पितळेचं. आता डोळे मिटा आणि घरातून चाला.”

“सासूची शिकवणी घेतीस व्हय गं? फी काय?”

“पास व्हा, तीच फी.”

एप्रिलमध्ये चतुराबाईंनी पाचही शब्द घडाघडा म्हटले. डॉक्टरांनी पाठ थोपटली, विकासनं पेढे आणले. त्रिवेणीही हसली... पण हातातला पेढा तिनं खाल्ला नाही.

कारण घरात ते पाच शब्द टिकले होते आणि बाकीचं एकेक निघून चाललं होतं. आधी तेलुगू गेली. भाजीवालीनं भाव सांगितला की चतुराबाई नुसत्या तिच्या तोंडाकडे बघायच्या. मग चाळीस वर्षं शेजारणीशी बोललेली दखनी उर्दू गेली. मे महिन्यात एकदा त्यांनी विकासला चहा देताना विचारलं, “साखर किती घेता, भाऊ?” विकासला वाटलं, माय थट्टा करते. त्रिवेणीला तसं वाटलं नाही. तरीही तिनं डॉक्टरांना कळवलं नाही. जूनला तीनच आठवडे उरले होते, आणि सकाळची शिकवणी तिनं एक दिवसही चुकवली नाही.

बारा जूनला ती नव्या खुर्चीवर बसली आणि तासाभरातच गौलीगुड्याच्या पोलीस चौकीतून फोन आला. घरातून एकट्याच बाहेर पडलेल्या चतुराबाईंच्या बटव्यात दवाखान्याचं कार्ड सापडलं होतं, त्यावर त्रिवेणीचा नंबर होता.

ती पोचली तेव्हा विकासही धापा टाकत येत होता. बाकावर चतुराबाई डोळे मिटून बसल्या होत्या, एका पायात चप्पल नव्हती, ओठ हलत होते.

“घर का पता पूछे तो बस यहीच बोल रे अम्मा,” हवालदार म्हणाला. “कमल, कुलूप, ताक...”

त्रिवेणीला कळलं. सासूबाई पत्ताच सांगत होत्या. तिनंच शिकवलेल्या वाटेनं त्या घरातून चालत होत्या, पुन्हा पुन्हा, आणि ते घर कुणाला दिसत नव्हतं...

“एप्रिलला पास झाली होती ना माय?” विकास व्याकूळ होऊन म्हणाला.

“मी पाठ करून घेतलं होतं.”

“खुर्चीसाठी?”

“हो. खुर्चीसाठी.”

तेवढ्यात चतुराबाईंनी डोळे उघडले आणि परक्या माणसाकडे बघावं तसं त्याच्याकडे बघितलं.

“माझ्या सुनेला बोलू नका, भाऊ. तुम्हाला ठाऊक नाही. हिला बी.एड.ला जायचं होतं, तेव्हा मी छातीत कळ आली म्हणून महिनाभर निजून राहिले. कळबिळ काही नव्हती. पोरीचं वर्ष गेलं... औंदा खरंच डोकं रिकामं व्हायला लागलं, मला कळत होतं. म्हटलं, तेव्हा बरी असून आजारी पडले, आता आजारी असून बरी राहायचं. जून येऊस्तोवर.”

त्रिवेणीनं तिथंच, चौकीच्या फरशीवर, त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं. “आत्याबाई, मला नको ती खुर्ची.”

“नक्को काय? एवढं पाठ केलं ते कशापायी?” आणि तिच्या केसांवर हात ठेवून त्यांनी पुन्हा डोळे मिटले. कमळ, कुलूप...

जुलैमध्ये डॉक्टर सुजातांनी मराठीत दुसरी यादी केली. तिच्यातला एकही शब्द चतुराबाईंना आठवला नाही. औषध सुरू झालं, तीन महिने उशिरा. त्या तीन महिन्यांत किती गेलं, ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

त्रिवेणी रोज शाळेत जाते. सासूनं तसं वचनच घेतलं. ‘कुणीतरी’ म्हणून आता विकास घरी बसतो, लॅपटॉप उंबऱ्यापाशी मांडून. चतुराबाई त्याला विचारतात, “भाऊ, तुमची माय असते का हो?”

“असते,” तो म्हणतो.

एकीला खुर्ची मिळाली. दुसरीची जुनी फेड झाली. दोघींनी एकमेकींना माफ केलं ते मनापासून. आणि मोल भरलं विकासनं, ज्याला या व्यवहारात कुणी काही विचारलंच नव्हतं.