कशासारखं ते म्हणायचं नाही

कातडं मऊ व्हायला तीन गोष्टी लागतात. ओल, तेल आणि मार. हे मला कुठल्या कॉलेजानं शिकवलं नाही. दहावी नापास झालो, बंगळुरातल्या शिवाजीनगरच्या रद्दीवाल्याकडून चामड्यावरची फाटकी पुस्तकं आणून वाचली, मशीनखाली झोपून बोटं चेचून घेतली, तेव्हा कळलं. भुताखेतांच्या गप्पा मारणारा माणूस मी नाही. जे झालं ते जसं झालं तसं लिहितोय.

१९९४ साल. टॅनरी रोडच्या आतल्या गल्लीत आमचा कारखाना होता. त्यात माझ्याच हट्टानं मालकानं एक जुनं इटालियन मशीन आणलं. दोन जाड पाट, दोन्हींवर बोथट खिळे. वरचे खिळे खालच्यांच्या मधल्या फटींत उतरायचे, मिनिटाला शेकडो वेळा. कडक वाळलेलं कातडं पट्ट्यावरून आत जायचं, खिळे त्याला खाली-वर ताणायचे आणि पलीकडून ते मऊ होऊन बाहेर पडायचं.

म्हणजे पडायला हवं होतं. पडत नव्हतं. पत्रा आत, पत्रा बाहेर.

मशीनच्या आधी हे काम मल्हारराव करत. जमिनीत रोवलेला लाकडी खुंटा, त्यावर अर्ध्या चंद्रासारखी बोथट लोखंडी पाती. कातडं पातीवर टाकायचं, दोन्ही हातांनी धरायचं, गुडघ्यानं दाबून खाली ओढायचं. पुन्हा पुन्हा. एका कातड्याला अर्धा तास. मग म्हातारा म्हणायचा, "सुटलं," आणि पुढचं घ्यायचा. दिवसभरात तेवढाच एक शब्द.

शनिवारी मद्रासहून खरेदीदाराचा तपासनीस येणार होता. हातमोज्यांचं कातडं त्याच्या हाताला पटलं नाही, तर मशीन भंगारात आणि मी रस्त्यावर, असं मालकानं सगळ्यांसमोर सुनावलं होतं. ओल वाढवली. कातडी दोन दिवस ओल्या भुशात पुरून ठेवली. तेल वाढवलं. खिळ्यांची खोली कमी-जास्त केली. हात काळे झाले, डोकं फिरलं, कातडं मात्र तसंच.

घर शहराच्या दुसऱ्या टोकाला, बनशंकरीला. माझे चुलते आमच्याकडे पाणी पीत नाहीत. मराठ्याचा पोरगा कातड्यात गेला म्हणून. त्यांच्या पायात त्याच कातड्याच्या चपला असतात, ते चालतं. मला घरी जायचं असायचं ते एकाच गोष्टीसाठी. दोनदा साबण लावून आंघोळ केली की सासू तुंगाबाई चार महिन्यांच्या भव्याला माझ्या मांडीवर द्यायच्या. मी तळवा तिच्या टाळूवर ठेवायचो. तेलानं ओली, कोवळी, आणि खाली टुकटुक उडणारी. दिवसभराचा संताप तिथं उतरायचा. दुसरीकडे कुठंच उतरत नव्हता.

सोमवारी मशीनवरचा मालोजी एक कातडं आत घालताना म्हणाला, "ए बाई, ये आता मऊ होऊन. कॅन्टीनच्या इडलीसारखी ये."

आणि ते आलं. खरंच आलं. मुठीत धरलं तर मावलं.

"बघा अण्णा! इडली!" मालोजी नाचायला लागला.

मल्हारराव खुंट्यावरून वळले. "कशासारखं ते म्हणायचं नाही."

"का बा?"

"आम्ही म्हणत नाही. सुटलं म्हणायचं. सरी? कळलं?"

त्यानंतरची सगळी कातडी पुन्हा पत्रा. मंगळवारी कॅन्टीनमध्ये इडली ताटलीत टाकली तर टण्ण वाजली. कॅन्टीनवाल्यानं दुसरा घाणा काढला, वाफ निघत होती, पण बोट आत जाईना. मालोजी म्हणाला, "ह्याचा तांदूळ रेशनचा." मी म्हणालो, पीठ आंबलं नसेल. दोघंही उपाशी राहून शिव्या देत कामाला गेलो.

बुधवारी कातड्यांच्या कडा कापणाऱ्या गोजराबाई सहज येऊन उभ्या राहिल्या. आत जाणाऱ्या कातड्याला हात लावून म्हणाल्या, "माझ्या मोगऱ्यासारखं होऊ दे गं बाई."

ते झालं. फक्त तेवढंच एक. मी वजन करून ओल मोजली, आदल्या कातड्याइतकीच होती. तेलही तितकंच. मला काही कळेना आणि न कळण्याचीच मला सगळ्यात जास्त चीड येते.

दुपारी गोजराबाईंच्या अंबाड्यातली फुलं गळायला लागली. सिमेंटवर पडताना वाजत होती, कवड्यांसारखी. एक त्यांनी उचलून दाबलं तर बोटातून रक्त आलं. त्यांनी गजरा उतरवला, खिडकीत ठेवला, माझ्याकडे न बघता घरी गेल्या.

मल्हारराव माझ्याजवळ आले. "मशीन नको असं मी म्हणत नाही, किरणकुमार. तोंड सांभाळा."

"तुमचा खुंटा जाणार म्हणून घाबरवताय का?" मी सरळ विचारलं. माझी जीभ अशीच आहे. "गुडघ्यानं कातडं ओढायचे दिवस संपले, अण्णा."

ते चिडले नाहीत. त्यांनी धोतर वर केलं. उजवा गुडघा बैलाच्या शिंगासारखा होता. काळा, चकचकीत. त्यांनी नखानं टिचकी मारली. आवाज आला.

"हे माझं," ते म्हणाले. "दुसऱ्या कुणाचं घेतलं नाही."

मला हसू आलं. घट्टे पडतात कामानं, त्यात काय?

शनिवारी अकराला तपासनीस आला. डोळे मिटून हाताचा पालथा भाग कातड्यावर फिरवायची त्याची पद्धत. पहिलं कातडं. "हार्ड." दुसरं. "हार्ड." पाचव्याला तर त्यानं हातही लावला नाही. मालोजी तोंड मिटून उभा होता, गोजराबाई आल्याच नव्हत्या. मालक माझ्याकडे बघत होता, घरात घुसलेल्या कुत्र्याकडे बघावं तसा.

तपासनीस हिंदीत म्हणाला, "नरम म्हणजे काय असतं, हे तरी माहीत आहे का तुला?"

माझं डोकं सटकलं. आठवडाभराचं सगळं वर आलं. मालक, चुलते, हे कोट घातलेलं माकड.

"मला विचारता? चार महिन्यांची पोरगी आहे माझी. तिच्या टाळूवर रोज हात ठेवतो मी. तस्सं काढून दाखवतो, थांबा!"

आणि कातडं मशीनमध्ये घातलं.

पाठीमागे खुंट्याचा आवाज थांबला. मल्हारराव उठून उभे राहिले होते.

कातडं पलीकडून आलं. येताना आवाज झाला नाही. टेबलावर ते पसरलं नाही, निजलं.

तपासनिसानं डोळे मिटून हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग एकदम डोळे उघडून हात काढून घेतला. कातड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"पास," तो म्हणाला आणि रुमालानं हात पुसत राहिला.

मालकानं पाठ थोपटली. नमुना म्हणून कोपऱ्याचा तुकडा कापून माझ्या शर्टाच्या खिशात घातला. "उरलेला माल असाच काढायचा, काय?"

मल्हारराव जवळ आले. त्यांचे ओठ हलत होते. "घरी जा."

"आत्ता? अजून शंभर कातडी..."

"घरी जा, बाबा."

त्यांच्या तोंडाकडे बघून मी निघालो. शिवाजीनगरहून बस धरली. मार्केटला बस अडकली. ड्रायव्हरला शिव्या घातल्या. इडली आठवली. खिडकीतला गजरा आठवला. पुढचं मी आठवू दिलं नाही.

चार वाजता पोचलो. तुंगाबाई तेलाची वाटी घेऊन पलंगाजवळ बसल्या होत्या.

"तेल मुरेना बघा," त्या म्हणाल्या. "दुपारपासून. नुस्तं घरंगळतंय."

मी आंघोळ केली नव्हती. कुणी अडवलं नाही.

भव्या जागी होती. मला बघून हसली. पाय झाडले. सगळं रोजच्यासारखं.

मी टाळूवर तळवा ठेवला.

पायरीच्या दगडासारखी. सपाट. खाली काही उडत नव्हतं.

मी हात तसाच ठेवला. वाट बघितली.

"अहो," माझी बायको हेमावती दारातून म्हणाली, "काय झालं? बोला ना."

दुसरा हात आपोआप छातीवर गेला, शर्टाच्या खिशावर. आतला तुकडा कोमट होता. खिशाला तेलाचा डाग पडला होता.

आणि बोटांखाली, टुकटुक, काहीतरी उडत होतं.