डावं म्हटलं की उजवं

मिस्त्रीचा भुताखेतांवर विश्वास नव्हता, आणि हे तो न विचारता सगळ्यांना सांगत सुटायचा. "माणूस जिवंतपणी एवढा पिडतो, मेल्यावर आणखी कशाला कष्ट घेईल?" असं म्हणून स्वतःच हसायचा. तर अशा या शूर गड्याची एका भर दुपारी कशी तंतरली, ते ऐका.

गाडी काकूंची होती. म्हणजे होती काकांची, पण चार महिन्यांपूर्वी काका गेले. स्टीअरिंगच्या तेलाचा पाइप गळत होता, तो मिस्त्रीने गेल्या आठवड्यात बदलला. पाइप बदलला की तेलात हवा शिरते. ती चाकं डावी-उजवी फिरवून नीट काढली नाही तर स्टीअरिंग जड होतं आणि वळताना पंप कण्हतो. मिस्त्रीने घाई केली, आणि काकू दोनदा तक्रार घेऊन परत आल्या.

"आज चार वाजता लेकीला दवाखान्यातून घरी आणायचंय," सकाळी त्यांनी बजावलं. "तिच्या मांडीवर चार दिवसांची नात असणार. 'नातवंडाला घरी मीच आणणार' असा यांचा हट्ट होता. आता मला जायचंय, एकटीला. आज स्टीअरिंग अडलं ना मिस्त्री, तर तुमची खैर नाही!" शेवटी शेवटी त्यांचा आवाज चिरकला. मिस्त्रीला ते फार लागलं. जाताजाता काकू म्हणाल्या, मागचा डावीकडचा इंडिकेटरही लागत नाही. मिस्त्रीने जळका बल्ब काढून खिशात टाकला.

दुपारी गल्ली पेंगत होती. उन्हामुळे शटर अर्धं ओढलेलं, आत तेलाचा वास आणि अंधूक उजेड. मिस्त्रीने गाडीची पुढची चाकं जॅकने उचलली आणि मेव्हण्याला स्टीअरिंगवर बसवलं. या मेव्हण्याला सगळे साहेब म्हणत, कारण सांगितल्याशिवाय तो काम करत नसे, आणि सांगितल्यावरही क्वचितच. मिस्त्रीने बॉनेट उघडलं आणि पाइपाचे जोड तपासले. मग टॉर्च लावून स्टीअरिंगच्या तेलाच्या छोट्या टाकीत डोळे खुपसले. उघड्या बॉनेटमुळे इकडच्याला तिकडचा दिसत नव्हता, एवढं ध्यानात ठेवा.

"डावीकडे फिरव. सावकाश."

चाकं उजवीकडे वळली.

"अरे, डावीकडे! साधं डावं-उजवं कळत नाही?"

"हंऽऽ," आतून आलं. चाकं आणखी उजवीकडे गेली.

चारदा असं झाल्यावर मिस्त्रीने कपाळाला हात लावला आणि उलटं सांगायला सुरुवात केली. डावीकडे हवं असेल तर "उजवीकडे". मग मात्र चाकं शहाण्यासारखी वळू लागली. टाकीत बुडबुडे आले. एक, दोन, मग भराभर. कुठूनसा खोकल्याच्या गोळीचा वास आला.

काम कंटाळवाणं होतं, म्हणून मिस्त्री बोलत राहिला. "तुझ्या बहिणीला सांगू नकोस, पण तिच्या हातची आमटी म्हणजे नुसतं पाणी."

"हंऽऽ."

आज पहिल्यांदाच साहेबांनी उलट उत्तर दिलं नव्हतं. मिस्त्रीला मेव्हण्याबद्दल चक्क माया वाटली.

"आता इंजिन चालू कर."

इंजिन चालू झालं. पंप कण्हला, मग कण्हणं बारीक होत गेलं. शेवटचा बुडबुडा वर आला आणि फुटला. तेल शांत झालं.

इतक्यात शटर वाजलं. वाकून आत कोण यावं? साहेब!

"दुकान बंद आहे. बल्ब नाही मिळाला."

"कु… कुठलं दुकान?"

"अहो, तुम्ही पाइपात डोकं घालून बसला होतात, म्हटलं तेवढ्यात बल्ब आणतो. पाऊण तास झाला. तुम्ही बोलताय कुणाशी?"

मिस्त्रीने बॉनेटआडून वाकून पाहिलं, तर स्टीअरिंगमागे कुणीच नव्हतं. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी चाकं हळूहळू फिरली… सरळ झाली… आणि इंजिन आपोआप बंद पडलं.

मग दोघेही बाहेर पळाले. आधी कोण पळालं, यावर त्या घरात अजून वाद आहे.

साडेतीनला काकू आल्या, तेव्हा दोघे समोरच्या फुटपाथवर उन्हात उभे होते.

"झालं काम?"

"झालं… म्हणजे… काकू, काकांना डावं-उजवं…"

"कुठलं कळतंय! एकतीस वर्षं मी शेजारी बसून डावं म्हणायची आणि हे उजवीकडे वळायचे. शेवटी मीच उलटं सांगायला लागले." बोलत बोलत काकू गाडीपाशी गेल्या आणि थबकल्या. "यांच्या खोकल्याच्या गोळीचा वास येतोय," त्या हळूच म्हणाल्या. डोळे भरून आले. ते त्यांनी पुसले, दार उघडलं आणि रिकाम्या सीटला दरडावलं, "सरका तिकडे. नात बघायचीय ना? मग आज मी चालवणार. आणि मला रस्ता सांगायचा नाही, आधीच सांगून ठेवते."

बाजूची सीट करकरली. साहेबांनी मिस्त्रीचा दंड घट्ट धरला.

मिस्त्रीने जॅक उतरवला. "काकू, मागचा डावा बल्ब बसवलेला नाही. वळताना हात दाखवा."

"मला उजवीकडेच जायचंय," काकू म्हणाल्या.

गाडी निघाली. पंपाचा हूं नाही की चूं नाही, स्टीअरिंग लोण्यासारखं. गल्लीच्या टोकाला काकूंनी वेग कमी केला आणि गाडी झोकात उजवीकडे वळवली. मागे लुकलुकत होता तो मात्र डावीकडचा दिवा.

"भावोजी… डावीकडचा…" साहेब पुटपुटले.

"हंऽऽ," मिस्त्री म्हणाला आणि त्याने खिशात हात घातला. काळा पडलेला बल्ब तिथेच होता.