कोणी आलं तर उठेन मी

दार बंद होईपर्यंत जागा बदलायची नाही, हा पहिला नियम. विमानातल्या शंभरातल्या नव्वद जणांना तो ठाऊक असतो आणि त्यातले ऐंशी तो मोडायला टपून बसलेले असतात. दुसरा नियम, विचारल्याशिवाय उठायचं नाही. तिसरा, दोघांच्या मधली जागा रिकामी राहिली तर ती दोघांची, एकाच्या कोपराची जहागीर नव्हे. आणि चौथा नियम प्रवाशांसाठी नाहीच. रिकाम्या जागेचा पट्टा लावून ठेवायचा, म्हणजे घाईच्या वेळी लोंबत्या पट्ट्यात कोणाचा पाय अडकत नाही. पट्टा बंद म्हणजे जागा रिकामी, हे केबिनमधल्या सगळ्यांना लांबूनच कळतं.

हे सगळे नियम तिच्या जिभेवर होते. चोवीस वर्षं ती विमानात काम करत होती आणि त्यातली बारा वर्षं केबिनची प्रमुख होती. बरोबरीच्या मुली तिला पाठीमागे ‘हेडमास्तरीण’ म्हणत, आणि तिला ते माहीत होतं. माहीत असून ती काही बोलत नसे, कारण मनातून तिला ते नाव आवडायचं. बोट दिलं की मनगट धरणारी जात असते प्रवाशांची, असं ती म्हणायची. आज एकाला पुढे बसू दिलं की उद्या दहा जण उशा घेऊन येतात.

लहानशा विमानाचा तो सकाळचा फेरा होता. रांगेत दोन जागा, मधून वाट, पलीकडे दोन. अशा अठरा रांगा, बहात्तर माणसं. एवढ्याशा विमानात कोण कुठे बसलंय यावरून वजनाचा हिशेब मांडतात, म्हणून उड्डाणाआधी जागा बदलायला ती कोणालाच द्यायची नाही. अपवाद मागच्या भागातल्या मागच्या भागात. तेही तिने सांगितलं तर.

सतराव्या रांगेतली वाटेकडची जागा, सतरा सी, हिच्याशी तिचं जुनं वाकडं होतं.

आठ वर्षांपूर्वी तिची धाकटी बहीण, हे विमान जायचं त्या शहरातल्या हॉस्पिटलमध्ये होती. आईला तिच्याकडे पोहोचवायचं होतं. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना पास मिळतो, पण पास म्हणजे तिकीट नव्हे. जागा रिकामी राहिली तर बसायचं. शेवटच्या क्षणी तिकीटवाला आला तर गुपचूप उठायचं, पिशवी घ्यायची आणि उतरायचं. आई सतरा सीमध्ये बसली होती. ठेवणीतले कपडे घालून, पिशवी मांडीवर धरून. दार लावायला चार मिनिटं उरली असताना एक माणूस धापा टाकत आला. त्याच्याकडे तिकीट होतं.

गेटवरचा माणूस हळूच म्हणाला होता, “कॉकपिटमध्ये घडीची एक सीट आहे. तुम्ही शब्द टाकला तर कॅप्टन आईंना घेतील.”

तिने शब्द टाकला नाही. त्याच वर्षी दोन सहकारी मुलींवर तिने लेखी तक्रार केली होती, घरच्या माणसांना असंच आत घेतलं म्हणून. आता स्वतःच्या आईसाठी कोणत्या तोंडाने विचारायचं? ती सतराव्या रांगेपाशी गेली आणि म्हणाली, “आई, उतरावं लागेल.” आई उतरली. आलेल्या माणसाने कानात इअरफोन घातले आणि विमान हलायच्या आत तो झोपला.

संध्याकाळच्या फेऱ्याला जागा मिळाली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी धाकटी गेली. शेवटपर्यंत आई कुठवर आली, एवढंच विचारत होती म्हणे. त्यानंतर आई पाच वर्षं हिच्याच घरी राहिली. एका शब्दाने तिने तो विषय काढला नाही. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं हेडमास्तरणीला फार वाटायचं. आई नुसती मूग गिळून बसली आणि तशीच एक दिवस गेली.

त्याला तीन वर्षं झाली होती.

सुरुवात झाली ती एका जाडजूड माणसापासून. नवव्या रांगेत तो शेजाऱ्याच्या अंगावर सांडत होता. विमान वर स्थिरावल्यावर त्याने अगदी रीतीने विचारलं, आणि सतरा सी रिकामी होती, म्हणून तिने मागे पाठवलं. दोन मिनिटांत स्वारी परत.

“राहू द्या,” तो म्हणाला. “तिथे बाई बसल्यात.”

ती जाऊन बघून आली. जागा रिकामी होती. फक्त पट्टा उघडा होता. सकाळी तो तिने स्वतःच्या हातांनी लावला होता.

साफसफाईवाल्यांनी काढला असेल, असं तिने ठरवलं. साफसफाई पट्टे लावण्याआधी होते, हे तिला माहीत होतं, तरी ठरवलं.

नऊ दिवसांनी पायाला प्लॅस्टर असलेली एक तरुणी. पाय वाटेकडे लांब करता यावा म्हणून तिला सतरा सी दिली. तीही लंगडत परत आली.

“त्या बाई म्हणाल्या, बस हं तू. कोणी आलं तर उठेन मी, म्हणाल्या. उठायलाच लागल्या हो. मला कसंतरी वाटलं. एवढ्या वयाच्या बाईंना कसं उठवायचं?”

“कोण बाई?”

तरुणी तिच्याकडे बघतच राहिली. “अहो, पिशवी घेऊन बसल्यात त्या.”

या वेळी पट्टा बंद होता, पण कमी करून घेतलेला. बारीक अंगाच्या माणसाला बसेल इतका. आदल्या फेऱ्यात तिथे एक पहिलवानासारखा माणूस बसून गेला होता. हेडमास्तरणीने पट्टा सैल केला. परत येताना उगाच वळून पाहिलं. नंतर मागच्या भांडारात जाऊन ती बराच वेळ कपांच्या चळती सरळ करत उभी राहिली.

मग मोजणी चुकायला लागली. दार लावण्याआधी हातातलं छोटं यंत्र टिकटिक दाबत माणसं मोजायची असतात. मागच्या दाराची सहकारी एक माणूस जास्त सांगायची. पुन्हा मोजलं की बरोबर. “माझे डोळे गेले बहुतेक,” ती हसून म्हणायची. हेडमास्तरीण हसायची नाही. जागा बदलून मागणाऱ्या कोणालाही सतरा सी देणं तिने बंद केलं.

आणि खरं सांगायचं तर ती वाट बघू लागली. रोज पट्टा लावताना ती हात जरा जास्त वेळ तिथे ठेवायची. मी तुझ्यावर एवढा अन्याय केला, निदान एकदा तरी मला दिस, असं तिला ओरडून म्हणावंसं वाटायचं. प्रवाशांना दिसते, प्लॅस्टरवाल्या पोरीला दिसते, आणि पोटच्या मुलीला नाही. आईने तिला माफ केलंय की नाही, एवढं एकच तिला कळायला हवं होतं. बाकी आयुष्यात तिला काही नको होतं.

तो दिवस आठवड्याच्या मधला होता. विमान खच्चून भरलेलं. रिकामी राहिली ती फक्त सतरा सी, आणि तिचा तिकीटवाला अजून यायचा होता. दार लावायला पाच मिनिटं होती तेव्हा तो आला. चाळिशीचा माणूस, दाढी वाढलेली, काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट. तो मागे गेला आणि तिथेच वाटेत उभा राहिला.

“माझ्या जागेवर बाई बसल्यात,” तो म्हणाला. “त्या उठते म्हणतायत. पण त्यांचाही काही घोळ झालेला दिसतोय. बघता का जरा?”

ती गेली.

जागा रिकामी होती. पट्टा लावलेला होता. पण तो सीटवर पडलेला नव्हता. मांडीच्या उंचीवर, हवेत, तो आडवा ताणलेला होता.

पट्टा किंचित वर झाला, खाली आला. पुन्हा वर झाला. कोणीतरी श्वास घेत होतं.

तिला आता फक्त तीन शब्द म्हणायचे होते. पूर्वी म्हटलेलेच. जिभेवर ते आयते तयार होते.

“या सीटचा पट्टा नादुरुस्त आहे,” ती त्या माणसाला म्हणाली. “नियमाप्रमाणे इथे कोणाला बसवता येत नाही. तुम्हाला उतरावं लागेल.”

“पण मग या बाई?”

“त्या आमच्या आहेत.”

माणसाने काखेतलं पाकीट दुसऱ्या काखेत घेतलं. “माझी आई आयसीयूत आहे तिकडे,” तो म्हणाला. “सकाळी फोन आला. डॉक्टर म्हणाले, लवकर या.”

“संध्याकाळी दुसरं विमान आहे.”

“संध्याकाळी,” तो म्हणाला.

तो भांडला असता तर कदाचित तिचा धीर सुटला असता. पण तो भांडला नाही. सरळ माणसांचं असंच असतं, त्यांना उतरवणं फार सोपं जातं. तो पुढच्या दाराकडे चालू लागला. ती त्याच्या पुढे जाऊन दारात उभी राहिली. यादीवरून त्याचं नाव कमी केलं, कारणाच्या रकान्यात ‘सीट नादुरुस्त’ असं लिहिलं आणि सही केली. चोवीस वर्षांत तिने कागदावर लिहिलेलं ते पहिलं खोटं होतं. तिचा हात जराही हलला नाही. दार बंद झालं.

उड्डाणाच्या वेळी ती पुढच्या घडीच्या सीटवर बसली. तिथून मागच्या रांगा दिसत नाहीत. या वेळी मी तुला उतरवलं नाही, आई. ते वाक्य तिने मनात दहा वेळा म्हणून पाहिलं. मग त्यातलं ‘या वेळी’ काढून टाकलं. मग पुन्हा घातलं. त्या माणसाचा चेहरा मध्ये मध्ये येत होता, तो ती बाजूला सारत होती. त्याची आई थांबेल. सगळ्यांच्या आया काही लगेच जात नाहीत.

पट्ट्याची खूण विझली. ती उठली.

आईला गार पाणी चालायचं नाही. तिने कोमट पाण्याचा पेला भरला आणि वाटेने निघाली.

बारावी रांग. कोणीतरी चहा मागितला. ती थांबली नाही.

पंधरावी.

सतराव्या रांगेत खिडकीशी एक शिक्षिका उत्तरपत्रिका तपासत बसल्या होत्या. काही पेपर त्यांनी शेजारच्या सीटवर पसरून ठेवले होते. सतरा सीवर. पट्ट्याची दोन्ही टोकं सुटून बाजूला लोंबत होती.

“हे काढा,” ती म्हणाली. “इथे… इथल्या बाई कुठे आहेत?”

“त्या?” शिक्षिकेने लाल पेन कानावर ठेवलं. “त्या उतरल्या की. तो माणूस गेला ना, त्याच्या मागोमाग.”

“मी दारातच उभी होते.”

“हो, तुमच्या अगदी बाजूनेच गेल्या. तुम्ही काहीतरी लिहीत होतात.”

तिने दुसरा हात सीटच्या पाठीवर टेकला. गादी गार होती.

“काही म्हणाल्या?”

“म्हणाल्या, त्याची आई आजारी आहे. दिवसभर एकटाच बसून राहील बिचारा, मी जाते त्याच्या सोबतीला. किती माया हो एखाद्याला.” शिक्षिकेने पसरलेले पेपर गोळा करायला घेतले. “आणि त्यांची मुलगी इथेच कामाला आहे म्हणे, या विमानात. मी म्हटलं, अहो, मग तिला सांगून तरी जा.”

“मग?”

“तर म्हणाल्या, नको. ती कामावर असली की मी ओळख दाखवत नाही.”