ज्या महिन्यात देव बघत नाहीत

त्या वर्षी दुसरा महिना दोनदा आला. चंद्राचा हिशेब सूर्याच्या मागे पडला की जुन्या पंचांगात एक जादा महिना घालावा लागतो. उइसंगकडच्या लसूणवाल्या गावांत त्याला रिकामा महिना म्हणतात. या महिन्यात देवांचं लक्ष नसतं. मग माणसं काय करतात? एरवी ज्या कामांना हात लावायची छाती होत नाही, ती सगळी उरकून घेतात. कबरी उकरतात, हाडं हलवतात, जित्या आईबापांची कफनं शिवून ठेवतात. दहनभट्टीला नंबर लागत नाही. वर्षभर देवापुढे नाक घासणारे लोक देवाचा डोळा चुकवायला रांगेत उभे राहतात, आणि वर याला परंपरा म्हणतात.

ग्वाक चांगहो त्याच रांगेतला. देगू शहरात त्याचं फरश्यांचं दुकान. बायको सोडून गेलेली, मूल नाही. गावातली बापाची टेकडी त्याने सौर पॅनेलच्या एका कंपनीला विकली होती. टेकडीवर बाप पुरलेला. तो हलवला की ताबा द्यायचा.

कबर उकरायच्या दिवशी सकाळी घरी बापाचं पान वाढलं. आईने भाताच्या वाडग्यात चमचा उभा रोवला. चमचा असा उभा राहतो तो फक्त मेलेल्याच्या भातात. पोरांनी चुकून रोवला तर थोबाडीत बसते. मग सगळे बाहेर आले आणि दार ओढून घेतलं, जाणाऱ्याला निवांत जेवता यावं म्हणून. परत आत जाताना आधी खाकरायचं. ते काम थोरल्या मुलाचं. चांगहोने घड्याळ बघितलं आणि लगेच खाकरला.

"दादा, घास तरी गिळू दे त्यांना," मिरान म्हणाली. ही धाकटी. लसणाचं शेत आणि आई, दोन्ही तीच बघायची.

"बाबा जिवंतपणीही भराभराच जेवायचे."

टेकडीवर रानफुलांनी नुसता गुलाबी कहर केला होता. कबरी उकरणारे बेक काका कुदळ बाजूला ठेवून तांदळाची दारू ओतत होते. "आधी डोंगराला एक पेला."

"कशाला? देव बघत नाहीत ना या महिन्यात? मग पाजायची कुणाला?"

"कुणी बघणारं नसतं, म्हणूनच सांगून ठेवायचं, चांगहो," आई म्हणाली. "नाहीतर आपण इथे होतो हे कुणाला ठाऊक?"

"कंपनीला ठाऊक आहे की." चांगहोने बेक काकांच्या हातातला पेला घेतला, स्वतःच्या घशात रिकामा केला आणि तोंड पुसलं. "घ्या. पोचली डोंगराला. मारा कुदळ."

कुणी हसलं नाही. बेक काकांनी कुदळ मारली.

हाडं चांगली निघाली, कोरडी, पिवळसर. काकांनी पांढऱ्या कागदावर ती पायापासून मांडत नेली. शेवटी कवटी ओंजळीत धरून ते उठले आणि इकडेतिकडे बघू लागले.

"थोरला कुठे गेला? ही त्याने घ्यायची."

चांगहो त्यांच्या समोर उभा होता. हातभर अंतरावर.

"काका, चष्म्याचा नंबर वाढला तुमचा!"

तेव्हा मात्र सगळे हसले. काकाही हसले, पण हाडं बांधताना त्यांनी पुन्हा वर पाहिलं नाही.

दुपारी चौघं सूपवालीकडे बसले. बाईने तीन वाडगे आणून ठेवले. "अगं बया, चौघं होय तुम्ही!" म्हणत चौथा आणला, तो मिरानच्याच पुढे ठेवून गेली.

देगूत परतल्यावर बँकेचं आपोआप उघडणारं काचेचं दार उघडलं नाही. चांगहोने हात हलवले, शिव्या दिल्या. बस थांब्यावर न थांबता गेली. गिऱ्हाइकं दुकानात येत, त्याच्या अंगावरून नजर नेत आणि कोणी नाही म्हणून निघून जात. तो ओरडला की एखादा दचकून वळे, "अहो, इथेच होता का?" म्हणे, आणि वाक्य संपायच्या आत दुसरीकडे बघे. पुढे पुढे तेही बंद झालं. कंपनीच्या माणसाने ताब्याच्या सह्यांसाठी मिरानला फोन केला.

"एकुलत्या वारस तुम्हीच ना?" त्याने विचारलं, आणि ती हो म्हणाली.

हे तिनेच दादाला फोनवर सांगितलं. चांगहो भडकला. "एकुलती? मग मी कोण?"

"हॅलो? कोण बोलतंय? नीट ऐकू येत नाही हो."

रिकाम्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी तो गावात आला. कुंपणापलीकडून शेजारीण आईशी बोलत होती. "मिरानची आई, उन्हात नका बसू."

चांगहो कुंपणाशीच थांबला. त्याच्या जन्मापासून सगळं गाव तिला चांगहोची आई म्हणायचं. तिचं स्वतःचं नाव कुणाला आठवतही नसेल.

"आई!" तो अंगणात शिरला. "आई, मी आलोय!"

आईने मान वर केली. अंगणभर बघितलं. तिची नजर त्याच्यातून पार जाऊन फाटकावर थांबली. तिने अंगावरची शाल घट्ट केली.

"मिरान, चांगहोचा फोन आला होता का गं?"

"कोणाचा?" आतून मिरानने विचारलं.

आईने पुन्हा फाटकाकडे बघितलं.

त्याने मोरीजवळची दारूची बाटली उचलली आणि टेकडीकडे पळत सुटला. कंपनीने तारा ठोकल्या होत्या. खड्डा बुजवून सपाट केला होता. तारेखालून सरपटत जाऊन त्याने कपाळ मातीला टेकलं. सगळी बाटली ओतली. आयुष्यात कुणापुढे न वाकलेला माणूस, मातीला आपलं नाव सांगत होता. बापाचं नाव सांगत होता. गाव सांगत होता. मी इथे आहे, मी इथे आहे.

दारू मातीवर तशीच साचून राहिली. तिच्यात आभाळ दिसत होतं. तो दिसत नव्हता.

सकाळी तिसरा महिना लागला. देवांची नजर परत आली असणार, असं म्हणत तो घरी गेला.

आईने पान वाढलं होतं. त्याचा लहानपणचा निळ्या काठाचा वाडगा. त्याला आवडणारी मासळी. तो पानावर बसला.

"आई, हे कुणाचं?" मिरानने विचारलं.

"तुझ्या दादाचं."

"मला दादा होता?"

"होता," आई म्हणाली.

तिने चमचा उचलला आणि भातात उभा रोवला.

दोघी बाहेर गेल्या. दार ओढलं गेलं.

त्याला भूक लागली होती. तो खात गेला. भात होता तेवढाच राहिला.

बाहेर मिरान खाकरली.